दोन तास गावरान ज्वारीचे

मागच्या कोजागिरीला धाकट्या भावाच्या लेकीनं हट्ट धरला. भुलाबाईच्या मूर्तीवरची खोपडी आपल्याच शिवारातल्या ज्वारीच्या धांड्यांची पाहिजे. पाच धांडे, वर कणसासकट, एवढंच तिचं मागणं. मी मोटारसायकल काढली आणि नांदगाव पेठेचं शिवार पालथं घातलं. हायवेच्या कडेनं एमआयडीसीची शेडं, पलीकडे वीज प्रकल्पाच्या चिमण्या, आणि मधल्या काळ्या रानात सोंगलेलं सोयाबीन, कपाशी, तूर. ज्वारी एकाच वावरात सापडली. तीही कमरेएवढी हायब्रीड, आणि कापून नेलेली. थुटं तेवढी उभी होती. शेवटी अमरावतीला इतवाऱ्यात जाऊन धांडे विकत आणले. घरी येऊन उभे केले तर खोपडीचं टोक भुलाबाईच्या डोक्याला टेकायला लागलं. लेक म्हणाली, "मोठेबाबा, भुलाबाई का वाकून बसन?"

घरचे सगळे हसले. मलाही हसू आलं, पण ती गोष्ट डोक्यातून गेली नाही. ज्या वऱ्हाडात कोजागिरीला दीड पुरुष उंच ज्वारी वाऱ्यावर सळसळायची, तिथं पाच धांडे विकत आणावे लागतात.

म्हणून हे लिहितो आहे, आणि आधीच सांगून टाकतो की हे मागणं आहे. येत्या मृगात नांदगाव पेठ, माहुली, वलगाव, मोझरी, तिवसा या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी गावरान ज्वारीचे दोन तास पेरावेत. तास घड्याळातला नव्हे, तिफणीचा. सोयाबीन काढून टाका, कपाशी मोडा, असं मी म्हणत नाही. पोट आणि कर्ज दोन्ही तुमचं आहे. धुऱ्याच्या कडेनं दोन तास, बस.

दोनच का, हे आत्याच्या घरी गेलात तर कळेल. तिवसा तालुक्यातल्या एका लहान गावात माझी आत्या राहते. वय ऐंशीच्या पुढे. तिच्या स्वयंपाकघरात चुलीच्या बरोब्बर वर, आढ्याला, कणसांचा एक झुपका टांगलेला असतो. धुरानं काळाकुट्ट. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटेल, जुनी केरसुणीच टांगून ठेवलीय. मी एक कणीस काढून तळहातावर चोळलं. वरची काजळी निघाली आणि आतून पांढरा, टपोरा, मोत्यासारखा दाणा बाहेर आला. एकालाही किडीचं भोक नव्हतं. आत्या ओट्यावरून ओरडली, "बापू, थे खाच्यासाठी नाई हाये. बियाणं हाये थे."

"पेरतं कोण आता, आत्या?"

"मीच पेरतो. सांदवाडीत. चार ओळी. बियाणं घरात पडून रायलं का मरते रे. पाण्यात टाकलं का मंग फक्त फुगते, उगवत नाई."

ऐंशी ओलांडलेली बाई दरवर्षी सांदवाडीत चार ओळी पेरते, कणसांना जुन्या लुगड्याच्या फडक्याच्या पिशव्या बांधते आणि पुढच्या सालासाठी झुपका आढ्याला टांगते. माझ्या माहितीतलं हे सगळ्यात जुनं बियाणं-केंद्र आहे. त्यावर पाटी नाही.

त्या वाणाला ती नुसती "जवारी" म्हणते. पण एके काळी वऱ्हाडात ज्वारीला नावं होती. गणेरी, रामकेल, सावनेर, हुरड्याची वानी. एखाद्या गावाची ज्वारी भाकरीला नरम, दुसऱ्या गावाची लाह्यांना फुलणारी, तिसऱ्याची जनावरांना गोड. नागपंचमीच्या लाह्या वेगळ्या ज्वारीच्या आणि कण्या वेगळ्या ज्वारीच्या, हे घरातली बाई न सांगता ओळखायची. अंबाडीची भाजी आणि कण्या ज्यांनी खाल्ल्या आहेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. सालदाराचं साल ज्वारीवर ठरायचं. गावाच्या मधोमध पेवं असायची, जमिनीत खोल खणलेली, आतून कुटारानं लिंपलेली. आज "पेव फुटलं" हा शब्द तेवढा शिल्लक आहे, तोही बहुधा पुढाऱ्यांच्या नाहीतर कोचिंग क्लासच्या संदर्भात.

आता गावरान ज्वारीचं खरं गुपित. तिला कॅलेंडर कळतं. मृगात पेरा की आर्द्रात, ती पोटऱ्यात येते दिवस आखूड व्हायला लागल्यावरच. साधारण हस्त सरत आला, पाऊस उघडला, की तिचं कणीस बाहेर पडतं. दाणा भरतो तो कोरड्या उन्हात, म्हणून तो पांढराशुभ्र राहतो. कणीसही मोकळं, दव पडलं तरी नऊ वाजेपर्यंत वाळून जाणारं. हायब्रीडला दिवसाच्या लांबीशी देणंघेणं नाही. ती शंभर-एकशेदहा दिवसांची. जूनला पेरली की सप्टेंबरात दाणा भरते आणि नेमक्या उत्तरा-हस्ताच्या पावसात सापडते. घट्ट कणीस, आत पाणी, वरून ऊन. दाणा काळा पडतो. त्या काळ्या ज्वारीला बाजारात काय भाव मिळतो हे खरीप ज्वारी पेरणाऱ्या कुणालाही विचारा. भाकर काळी, वातड, दुपारपर्यंत चामडं. "जवारी खाल्ली का पोट दुखते" असं म्हणणारी एक पिढी तयार झाली. त्यात ज्वारीचा काय दोष होता?

तरी हायब्रीडला शिव्या घालायला मी बसलो नाही. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला ते घालणारही नाहीत. रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची, तिची भाकर थापताना बाया रडायच्या. ती मिलोही ज्वारीच, पण परक्या मातीची. देशातली पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली, पुढे एकामागून एक आल्या, अकोल्याच्या कृषी विद्यापीठानंही सीएसएच-१४ दिली. एकरी उतारा दुपटीच्या वर गेला. उपाशी पोटाला दाण्याचा रंग विचारत नाहीत. पण गंमत बघा, त्या सगळ्या हायब्रीडच्या मागं मिलोच उभी आहे. नर फुलं निकामी असलेली मादी ओळ मिळाल्याशिवाय संकर करता येत नाही, आणि ती मादी मिळाली मिलोच्या पेशीतून. १९५४ साली अमेरिकेत ती युक्ती सापडली. जगातल्या जवळपास सगळ्या संकरित ज्वारी आजही त्या एकाच आईच्या लेकी आहेत.

एकाच आईच्या लेकी असल्या की काय होतं, याचा दाखला मक्यानं दिला आहे. अमेरिकेत १९७० साली बहुतेक संकरित मका एकाच प्रकारच्या मादी ओळीवर तयार केलेला होता. पानांवरच्या करप्याची एक नवी जात नेमकी त्या ओळीला भावली, आणि एका हंगामात देशाच्या सुमारे पंधरा टक्के मक्याची माती झाली. तिथल्या शास्त्रज्ञांनी मग सुटका कुठून शोधली? जुन्या बियाण्यांतून.

गव्हाची गोष्ट याहून मोठी. रशिया-पोलंडच्या थंड मुलुखात राय नावाचं धान्य होतं. ते आधी गव्हाच्या शेतातलं तण होतं. गव्हाबरोबर निंदण्यातून वाचत, त्याच्याच दाण्यासारखा दाणा धरत, जिथं थंडीनं गहू मरायचा तिथं हेच तण उभं राहायचं, आणि शेवटी माणसानं त्यालाच पीक केलं. हे ओळखलं निकोलाय वाविलोव्ह या रशियन शास्त्रज्ञानं. पुढे त्याच रायचा गुणसूत्राचा एक तुकडा गव्हात शिरला आणि तांबेऱ्याला तोंड देणारे गव्हाचे वाण जगभर पसरले. आपल्याकडे पंजाब-हरियाणात वर्षानुवर्षं राज्य केलेला पीबीडब्ल्यू ३४३ हाही त्यातलाच. म्हणजे ज्या गव्हानं रेशनच्या दुकानातून आपल्या ज्वारीला हुसकलं, त्याच्या पोटात एका जुन्या तणाचा अंश होता. १९९९ मध्ये युगांडात तांबेऱ्याची नवी जात निघाली, तिनं तीही तटबंदी फोडली. पुन्हा शोध सुरू, पुन्हा रानटी भाऊबंदांच्या दारात.

वाविलोव्हनं जगभरची बियाणी लेनिनग्राडच्या आपल्या संस्थेत गोळा केली होती. १९४१ ते ४४ या काळात शहराला पडलेल्या वेढ्यात त्या संस्थेतली माणसं पोत्यांपोत्यांनी धान्य भोवती असताना भुकेनं मेली, पण बियाण्याला हात लावला नाही. खुद्द वाविलोव्ह १९४३ मध्ये सरकारच्या तुरुंगात उपासमारीनं गेला. आत्याला हे मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "थे माह्यासारखेच येडे होते मंग."

ज्वारीचीही भावकी मोठी आहे. जगभरात दोन डझनांच्या आसपास जाती, त्यातल्या बऱ्याचशा ऑस्ट्रेलियात. खाण्याची ज्वारी आफ्रिकेतली. पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वी लोक रानज्वारीला माणसाळवत होते, हे तिथं सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांवरच्या ठशांवरून कळलं. मडकी घडवताना चिखलात भुसा मिसळला होता, भुसा जळून गेला, ठसे राहिले. आपल्या धुऱ्यांवरही तिची दोन-तीन नातेवाईक मंडळी आहेत. एक बरू. तिला कोणी जवळ करू नये, मुळ्या तोडाव्या तितक्या वाढतात, आणि ज्वारीत मिसळली की बियाणं बिघडवते. दुसरी मात्र पाहण्यासारखी. भादवा-आश्विनात पडीक काळ्या रानात, नाल्याच्या काठावर एक रानज्वारी फुलते, लांब कुसळांची, जांभळट झाक असलेल्या तुऱ्याची. तिच्या लॅटिन नावाचा अर्थच जांभळं रेशमी. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत शास्त्रज्ञांनी पाहिलं, तर खोडमाशी तिच्या वाटेला जवळजवळ जातच नाही. खोडमाशी म्हणजे काय हे ज्यानं पाऊस लांबल्यावर जुलैत ज्वारी पेरली त्याला विचारा. पोंगा ओढला की हातात येतो, खाली कुजलेला, आत अळी. ती रानज्वारी आपल्या ज्वारीशी सहजासहजी संकर होऊ देत नाही, हे खरं. पण आज जमत नाही म्हणून उद्या जमणार नाही असं थोडंच आहे? आपण मात्र तिच्यावर तणनाशक मारतो आणि उरलेलं उन्हाळ्यात पेटवून देतो.

देशात १९७० च्या सुमारास ज्वारी पावणेदोन कोटी हेक्टरांच्या घरात होती. आज ती चाळीस लाखांच्या आसपास आहे. यातली सोलापूर-मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी बऱ्यापैकी तगली. तिथल्या मालदांडी वाणाला नाव आहे, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मरण आलं ते आपल्या खरिपाच्या ज्वारीचं. हमीभावाच्या यादीतसुद्धा दोनच रकाने असतात, हायब्रीड आणि मालदांडी. २०२५-२६ साठी भाव होते क्विंटलला ३,६९९ आणि ३,७४९ रुपये. सोयाबीन त्याच यादीत ५,३२८. गावरान खरीप ज्वारीला स्वतःचा रकानाच नाही. ज्याला रकाना नाही त्याचा हिशोब कोण ठेवणार? २०२३ हे जागतिक भरडधान्य वर्ष होतं, आपल्याच देशाच्या सूचनेवरून. त्या वर्षी अमरावतीत ज्वारीची बिस्किटं आली, ज्वारीचे पास्ते आले. कुणी गणेरीची पिशवी विकताना मला तरी दिसलं नाही.

शेतकऱ्याच्या अडचणी मला ठाऊक आहेत. पारावर हा विषय काढला की पहिला आवाज येतो, "डुकरं?" दुसरा, "रोही?" तिसरा, "पाखरं कोण राखन?" तिन्ही खरे. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, पाखरांनी खाल्लं तरी वाटून खाल्लं. आता एकट्याच्या वावरात कणसं दिसली की पंचक्रोशीतल्या चिमण्या-पोपटांचं आमंत्रण त्यालाच. माळ्यावर बसून गोफण फिरवायला पोरं नाहीत, ती एमआयडीसीत शिफ्टला गेलेली. म्हणून तर मी दोन तास म्हणतो, आणि म्हणूनच आत्याची युक्ती. सगळी ज्वारी राखू नका. पन्नास, शंभर कणसं निवडा आणि फुलोऱ्याच्या आधीच त्यांना जुन्या सुती कपड्याची पिशवी बांधा. पाखरू आत जात नाही, आणि दुसऱ्या ज्वारीचा परागही आत जात नाही. ज्वारी बहुतेक आपल्याच परागावर धरते, पण शेजारी हायब्रीड असेल तर थोडी भेसळ होतेच. पिशवी बांधायची नसेल तर दोनशे मीटरवर दुसरी ज्वारी नको. ही अट पाळणं आता सोपं झालंय, कारण दोनशे मीटरवर ज्वारी सापडते कुठं! बाकीची कणसं पाखरांनी खाल्ली तर खाऊ द्या. धांडे उरतात, आणि या भागात कडब्याला दूधवाले गिऱ्हाईक आहेतच.

बियाण्यासाठी फक्त सगळ्यात मोठं कणीस घेऊ नका. ही चूक पुष्कळ जण करतात. शंभर झाडांचं थोडं थोडं घ्या, उंचाचं, ठेंगण्याचं, लवकर आलेल्याचं, उशिराच्याचं. वाणाची ताकद त्या मिसळीतच असते. एकच राजबिंडं कणीस उचललं तर ती मिसळ जाते. दाणे उन्हात वाळवून, राख आणि कडुलिंबाचा पाला घालून मडक्यात भरा, नाहीतर आढ्याला टांगा. आढं नसेल, स्लॅबचं घर असेल, तर आत्याच्या घरी आणून टांगा. ती नाही म्हणणार नाही.

कागदाची कामंही आहेत, आणि ती तरुण पोरांनी करावीत. जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ग्रामसभेत उठून विचारा, आपल्या नोंदवहीत ज्वारीची किती नावं आहेत? बऱ्याच ठिकाणी नोंदवही कपाटात असते आणि तिच्यात ज्वारीपुढे नुसतं "ज्वारी" असतं. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारून नावं लिहा, कुठलं कणीस कसं, भाकर कशी, हुरडा कसा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याचं स्वतःचं वाण शेतकऱ्याच्या नावानं नोंदवता येतं, आणि शेतकऱ्याला त्याची फी नाही. अकोल्यात, पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या आवारात, राष्ट्रीय वनस्पती जनुक ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. तिथं दोन मुठी बियाणं द्या. दिल्लीच्या जनुक पेढीत ते उणे अठरा अंशांवर राहतं. पंजाबराव आमच्याच जिल्ह्यातल्या पापळचे, देशाचे कृषिमंत्री होते. त्यांच्या नावाच्या विद्यापीठाला त्यांच्याच मातीतली ज्वारी मागायला आपल्याला लाज कशाची? (अकोला म्हणालो. अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले वेगळं. बीजमाता राहीबाई पोपेरे तिकडच्या. पद्मश्री मिळालेल्या त्या बाईंनी जे केलं, त्याच्या दहाव्या हिश्शाचं आपल्या जिल्ह्यानं केलं तरी पुरे.)

पण एक सांगतो, पेढीत ठेवलेलं बियाणं म्हणजे दवाखान्यात ठेवलेला माणूस. जिवंत असतो, पण नवा पाऊस, नवी खोडमाशी, लांबलेला हस्त, यातलं काही त्याला माहीत नसतं. वाण शिकतो तो वावरात.

अमरावतीतल्या लोकांसाठीही मागणं आहे. दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत हुरडा पार्ट्या होतात, रहाटगावापासून पार चिखलदऱ्यापर्यंत. गवऱ्यांच्या आगटीत भाजलेली वानीची कणसं, गरम दाणे तळहातावर चोळून उडवलेला कोंडा, सोबत तिळाची चटणी आणि भरीत. पैसे देऊन खाता ना? मग वाढणाऱ्याला एकदा विचारा, "वानी गावरान आहे का? बियाणं कुठलं?" चार जणांनी विचारलं की पुढच्या वर्षी तो शोधायला निघेल. भाव वावरात ठरत नाही, ताटात ठरतो. आणि ज्यांच्या घरी कोजागिरीला भुलाबाई बसते त्यांनी धांडे विकत घेण्याऐवजी जूनमध्येच एखाद्या शेतकऱ्याला सांगून ठेवावं, "माझे पाच धांडे तुझ्या धुऱ्यावर. गावरान. उंच." पैसे आगाऊ द्यावेत. शाळांनीही हे करायला हरकत नाही. शाळेच्या कुंपणाला लागून वीस झाडं लावली तरी मुलांना कळेल की भुलाबाई वाकून का बसत नव्हती.

मी माझं ठरवलं आहे. आमच्या पेठेतल्या वावरात धुऱ्याच्या कडेनं यंदा दोन नाही, चार तास टाकतो. बियाणं आत्याकडून आणलं. जुन्या रिवाजानं सवाईनं, म्हणजे शेर नेलं की दिवाळीनंतर सव्वाशेर परत. मला वाटलं होतं ती मूठभर देईल. तिनं ओट्यावर स्टूल ठेवलं, मला वर चढवलं, आणि झुपक्यातली कणसं खालून बोटानं एक एक दाखवत गेली. हे नको, हे घे. ते नको, ते घे. दहा निवडली. मग पदरानं काजळी पुसता पुसता म्हणाली, "आन तुह्यावाल्यानं नाई आलं त मले सांगशीन. पुढच्या साली दुसऱ्या झाडाचं देतो. पण कोणी मांगाले आलं त नाई म्हणू नको, लेका. एक कणीस दे, न् त्याच्याजवळून पाच आणून घे."

कणसं सध्या माझ्या घरी आढ्याला आहेत. गॅसचं स्वयंपाकघर, धूर नाही, म्हणून बायकोनं कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या आहेत. ज्याला हवं त्यानं रोहिणी संपायच्या आत यावं. पिशवी आपली आणावी.